दुपारी तीनचं तापमान

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

वही बाबांची. बाबा गंगेवर तीर्थोपाध्याय (गावच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो). यजमानांच्या वंशावळी लिहायला त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबलचक वह्या असतात. कपाटात सात कोऱ्या पडून होत्या, त्यातली एक घेतली. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग भांडण झालं असतं, आणि मी आजपासून भांडणं सोडली आहेत.

इतर संकल्प: रोज वीस पानं केमिस्ट्री. (कॉलेज सोडलंय, केमिस्ट्री नाही.) वल्लरी हा विषय डोक्यातून काढणे.

कॉलेज सोडल्याचं कारण एकदा नीट नोंदवून ठेवतो, लोक काहीही बोलतात. टी.वाय.ला माझ्या ग्राफमध्ये एक रीडिंग राहिलं होतं. अलीकडचं-पलीकडचं बघून मधलं मी भरलं. बिंदू बरोब्बर रेषेवर बसला. सर म्हणाले, हे तू घेतलेलं नाहीस. मी म्हणालो, पण बरोबर आहे ना. ते म्हणाले, प्रश्न तो नाही. मी म्हणालो, मग प्रश्न काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही, आणि जर्नल टेबलावर आपटून निघालो. तत्त्वाचा मुद्दा होता. हजेरी बावन्न टक्के होती हा योगायोग.

वल्लरी तेव्हा माझी लॅब पार्टनर. मी दार आपटलं तेव्हा तिने मान वर करून पाहिलं. त्या नजरेत काय होतं यावर दोन वर्षं विचार चालू आहे. आमच्याच बॅचची मृण्मयी म्हणते, ब्युरेट पडतेय की काय ते बघत होती ती. मृण्मयीला माणसं कळत नाहीत.

सध्या नोकरी: सातपूर, संतोषशेठांची हीट ट्रीटमेंट. पद: ट्रेनी सुपरवायझर. संतोषशेठ बाबांचे यजमान आहेत, पण निवड गुणवत्तेवर झाली. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला: बाबा बरे आहेत ना?

३ सप्टेंबर, बुधवार
केमिस्ट्री: दोन पानं. पैकी एक अनुक्रमणिका.

कामाचं स्वरूप आता कळलं. आजूबाजूचे कारखाने गिअर, पिना, डाय आणून देतात. आम्ही ते भट्टीत लाल करतो आणि तेलाच्या टाकीत सोडतो. मी लेबलं लावतो.

भट्टीवर वाल्मीकदादा. हरसूलचा माणूस, तीस वर्षं भट्टीसमोर. मला पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणतो, आणि त्याच्यामुळे सगळं वर्कशॉप. चहावाल्या लताबाईसुद्धा. मी सांगितलं, मी पूजा सांगत नाही. लताबाई म्हणाल्या, मग काय सांगता?

तेलात का टाकतात ते दादाने सांगितलं. लोखंड लाल झालं की आतली मांडणी बदलती. सावकाश गार केलं तर ती आपल्या जागंवर परत येती, मग माल मऊ. तेलात टाकलं की परतायला टाइमच भेटत नाय. गरमपणाचा स्वभाव आतच कोंडतो, कडक.

कमी शिकलेला माणूस, पण काय बोलला. मी स्वतःकडे पाहिलं. मलाही आयुष्याने असंच तेलात टाकलंय.

वल्लरीचा विचार: नाही. (संध्याकाळी थोडा.)

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १.४५
वल्लरीचा फोन.

परत लिहितो. वल्लरीचा फोन. दोन वर्षांनी. स्वतःहून.

म्हणाली, अरे, मृण्मयीकडून कळलं, तू हीट ट्रीटमेंटमध्ये आहेस, तुमच्याकडे अकराशेपर्यंत जाणारी भट्टी आहे का. मी म्हणालो, बाराशेपर्यंत जाते. मग म्हणाली, वा.

शनिवारी भेटायचं ठरलं, तिच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये.

मुलगी दोन वर्षं नंबर जपून ठेवते. एवढंच लिहितो. (तिने आधी विचारलं होतं, हा ढुंढिराजचाच नंबर ना? पण ते खात्रीसाठी.)

१३ सप्टेंबर, शनिवार. रात्री ८
तिची अडचण अशी. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाईलच्या बॅटरीत आत एक द्रव असतो, तो कधीकधी पेट घेतो. त्याच्याऐवजी दगडासारखा घन पदार्थ घालायचा, पण असा, की ज्याच्यातून लिथियमचे आयन चालत पलीकडे जातील. तो पदार्थ ती करतेय. लिथियम, लॅन्थनम, झिर्कोनियम, ऑक्सिजन. चार महिने दळून, भाजून, दाबून बारा टिकल्या झाल्यात, रुपयाच्या नाण्याएवढ्या. आता शेवटचं भाजणं राहिलंय आणि कॉलेजच्या भट्टीची कॉइल जळली. दुरुस्तीचं टेंडर दिवाळीनंतर. आणि सतरा ऑक्टोबरला तिला कमिटीपुढे रिझल्ट दाखवायचेत. दाखवले तर बेंगळुरूच्या लॅबमध्ये पीएच.डी.ची जागा. नाही तर नाही.

म्हणजे तिचं सगळं भवितव्य माझ्या भट्टीत. (संतोषशेठांच्या.)

मग तिने टिश्यू पेपरवर काढून दाखवलं. या पदार्थाची मांडणी दोन प्रकारची होते. एक टेट्रागोनल. त्यात प्रत्येक लिथियमची जागा ठरलेली, सगळ्या जागा भरलेल्या. मी लगेच म्हणालो, पंगतीसारखं, ज्याचा त्याचा पाट, मध्ये कोणी उठायचं नाही. ती हसली. हसली. म्हणाली, हो, अगदी तसंच, म्हणून त्यातून आयन हलतच नाहीत. दुसरी क्युबिक. त्यात काही पाट रिकामे, कुठले ते ठरलेलं नाही, त्यामुळे शेजारचा सरकतो, त्याच्या जागी पलीकडचा सरकतो, शंभर पट वेगाने. ही क्युबिक जास्त तापमानाला होते. गार होताना परत टेट्रागोनल व्हायला बघते.

त्यानंतर ती ॲल्युमिनियमबद्दल दहा मिनिटं काहीतरी सांगत होती. तिच्या अंगठ्याला पेनाची निळी शाई लागली होती. मला वाटतं ॲल्युमिनियमचा भाग तेवढा महत्त्वाचा नसावा. वाचून घेईन.

विचार: मी क्युबिक आहे. माझी जागा ठरलेली नाही. बाबा, सर, संतोषशेठ हे सगळे टेट्रागोनल.

१४ सप्टेंबर, रविवार
पितृपक्ष चालू, बाबांकडे यजमानांची रीघ. मला मदतीला बसवलं. पुढच्या वर्षी कुंभ, हाताखाली माणूस लागेल, असं बाबा रोज आईला सांगतात, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

निफाडकडचे एक यजमान आले. वंशावळ लिहून घ्यायची होती. वडील, आजोबा सांगितले. पणजोबांचं नाव आठवेना. माणूस अगदी खजील झाला. मी त्याची अडचण ओळखून रामचंद्र लिहिलं. दर तिसऱ्या घरात एक रामचंद्र असतोच.

बाबांनी पाहिलं. आधी यजमानांना निरोप दिला. मग म्हणाले, ढुंढिराज, हे काय केलंस? मी म्हणालो, रिकामं वाईट दिसत होतं. ते म्हणाले, आपल्या वह्यांत दोनशे वर्षांच्या रिकाम्या जागा आहेत. माहीत नाही तर जागा सोडायची. उद्या त्याचा चुलतभाऊ येईल, त्याला नाव आठवत असेल, तो कुठे लिहील?

मी म्हणालो, ॲप बनवा. आणि उठलो. पाट पायाला लागून उलटला. मुद्दाम नाही.

संकल्प क्रमांक एक पुन्हा नव्याने, उद्यापासून.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ४
सुचलं. घाईत लिहितोय, अक्षर वाईट येतंय.

क्युबिक मांडणी गरम असताना होते. गार होताना बिघडते. मग सावकाश गार कशाला करायचं? वाल्मीकदादा रोज काय करतो? लाल असताना तेलात. परतायला टाइमच भेटत नाय.

टिकल्या अकराशेवरून थेट तेलात. क्युबिक आतच कोंडणार. जगातल्या एवढ्या पीएच.डी.वाल्यांना सुचलं नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी सातपूरला नोकरी केलेली नाही.

वल्लरीला आत्ता सांगायचं नाही. टिकल्या घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं, रिझल्ट बोलू द्यायचे, मग सहज सांगायचं, हं, थोडं डोकं लावलं. आणि मग दुसरा विषय.

ॲल्युमिनियम: वाचणे बाकी.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
नऊ दिवस रागावणार नाही, असं देवीसमोर म्हणालो. सकाळी ९.१५ ला जेहान सर्कलला रिक्षावाल्याने कट मारला. त्याला जे बोललो ते देवीने ऐकलं नसेल, ट्रॅफिक बराच होता.

२७ सप्टेंबर, शनिवार
वल्लरी सातपूरला आली. स्वतः. स्कूटरवर, हेल्मेट हातात, वर्कशॉपच्या दारात. सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. लताबाईंनी न विचारता चहा दिला, तोही काचेच्या ग्लासात.

तिने हवाबंद डबा दिला. आत टिकल्या, आणि त्याच मसाल्याची पांढरी पावडर. मुशीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या भांड्यात, टिकल्या त्या पावडरीत पुरून ठेवायच्या, नाहीतर तापल्यावर लिथियम उडून जातं. सूचना: मिनिटाला पाच अंश चढवायचं, अकराशेला सहा तास, मग भट्टी बंद, आणि पूर्ण गार होईपर्यंत दार उघडायचं नाही. दर अर्ध्या तासाला रीडिंग लिहायचं. त्यासाठी छापील कागद दिला. म्हणाली, रीडिंग्ज फार महत्त्वाची आहेत, कमिटी तेच आधी बघते.

मी म्हणालो, काळजी करू नकोस. ती म्हणाली, काळजी नाही रे, कागद हरवू नकोस.

हे सगळं ती अर्धं माझ्याकडे आणि अर्धं वाल्मीकदादाकडे बघत सांगत होती. दादा फक्त हं म्हणत होता. गेल्यावर म्हणाला, गुरुजी, पोरगी हुशार हाय, तुम्ही दार उघडू नका.

मंगळवारी करायचं ठरलं. बुधवारी खंडेनवमी, सकाळी आठला मशिनींची पूजा, त्या दिवशी काही चालू करत नाहीत. दादा म्हणाला, सकाळी सहाला चालू करा, साडेतीनला सुटलं, पूजेपर्यंत गार.

३० सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९.३०
थोडा उशीर झाला. केस कापायला गेलो होतो. उद्या पूजेला वल्लरी टिकल्या न्यायला येणार. नवा शर्टही घातलाय, म्हणजे उद्यापर्यंत अंगाला सवय होईल. छापील कागद घरी राहिला. काही बिघडत नाही, रीडिंग्ज इथेच लिहितो.

भट्टी चालू. ३१.

१०.०० — १८२. आज इतिहास घडणार आहे आणि सगळे झेंडूच्या माळा करतायत.
१०.३० — ३३०.
११.०० — ४८१. वल्लरी, तू आत्ता सेमिनारला बसली असशील. तुला कल्पना नाही.
११.३० — ६२९. इथे कुठेतरी मांडणी बदलते म्हणे. माझीही बदलतेय.
१२.०० — ७८०.
१२.३० — ९३१. दादा म्हणाला, जेवून घ्या. म्हणालो, भूक नाही. प्रेमात भूक लागत नाही हे शास्त्रीय आहे.
१.०० — १०७९. डबा खाल्ला. भेंडी.
१.३० — ११००.
२.०० — ११०१. तुला माहिती आहे का, दोन वर्षांत असा एक दिवस गेला नाही की तुझी ती नजर आठवली नाही.
२.३० — १०९९. बेंगळुरूला मीही येऊ शकतो. तिथेही भट्ट्या असतील.
३.०० — राहिलं. तिने डीपी बदललाय. निळा ड्रेस.
३.३० — ११००.
४.०० — ११००. वल्लरी, माझ्यात एक पाट रिकामा आहे.
४.३० — ११००. हे वाक्य चांगलं जमलं. उद्या म्हणायचं.
५.०० — ११०२.
५.३० — ११००.
६.०० — ११००. सगळं वर्कशॉप धुऊन झालं. तेलाच्या टाकीला माळ लावली होती, ती मी काढून ठेवली. दादा म्हणाला, का? म्हणालो, बघशील.
६.३० — ११००. दादाला सांगितलं. तो म्हणाला, ही चिनीमातीची जात हाय, लोखंड नाय. चुलीवरची कपबशी पाण्यात टाकाल का? मी म्हणालो, दादा, हे सायन्स आहे. तो म्हणाला, अहो पण बाई सांगून गेल्या ना, दार उघडू नका. उशीर झाला तरी चालंल, सकाळी कोमट राहील, पूजा दाराबाहेरून करू. मी म्हणालो, तुला भट्टी कळते, मला फेज कळतात, आतल्या मांडण्या. जरा चढा आवाज लागला. दादा झेंडूची टोपली उचलून बाहेर गेला.
७.०० — ११००. दार उघडतोय.

३० सप्टेंबर. रात्री ९
घरी. डाव्या बाजूची भुवई नाही.

चिमट्याने मूस उचलली आणि टाकीत सोडली. आधी एक लाल जिभेसारखी ज्वाळा वर आली. मग टक्. मग टक टक टक टक. पापड भाजताना येतो तसा आवाज, फक्त लहान.

दादा धावत आला, टाकीवर झाकण टाकलं, मला मागे ओढलं. ज्वाळा विझल्यावर लताबाईंची चहाची मोठी गाळणी आणली आणि तेल गाळायला बसला. मी शेजारी उकिडवा. मूस तीन तुकड्यांत. पावडर तेलात विरघळल्यासारखी पसरलेली. टिकल्यांचे कपचे, नखाएवढे, काही त्याहून बारीक. सगळे काळे.

तरीही. तुटल्या म्हणजे क्युबिक नाहीत असं नाही. मांडणी आत असते. तुकड्यातही असते. लहान तुकड्यात लहान क्युबिक.

आईने भुवईबद्दल विचारलं. सांगितलं, फॅशन आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. दुपारी १२
झालं तसं लिहितो.

कपचे मी रात्री स्टीलच्या ताटलीत मांडून भट्टीसमोर ठेवले होते, वाळायला. सकाळी आठला पूजा. संतोषशेठ, त्यांचं सगळं कुटुंब, सगळे नव्या कपड्यांत. शेठजींच्या वहिनी हळद-कुंकवाचं ताट घेऊन प्रत्येक वस्तूला लावत फिरत होत्या: भट्टी, टाकी, ग्राइंडर, पाने, हातोडे. माझी ताटलीही समोर, तेव्हा तिच्यावरही. सढळ हाताने. वर अक्षता आणि एक झेंडू. शेठजी म्हणाले, गुरुजी, दोन मंत्र म्हणा की. मी म्हटले. काय म्हटलं आठवत नाही.

इतक्यात वल्लरी. निळा ड्रेस.

तिने ताटली पाहिली. मग माझ्याकडे. मग परत ताटली. मग माझी भुवई, म्हणजे जिथे होती ती जागा. मी सांगायला लागलो: क्वेंचिंग (म्हणजे लाल असताना तेलात बुडवणं), कोंडणं, स्वभाव. पाट रिकामा हे वाक्य बोलायचं होतं, पण ते त्या ओघात बसेना. ती ऐकत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसांशी बोलता येतं.

शेवटी एवढंच म्हणाली, रीडिंग्ज आहेत? मी म्हणालो, आहेत. अभिमानाने म्हणालो. पिशवीतून ही वही काढली, कालचं पान उघडून दिलं. तिने मोबाईलने दोन फोटो घेतले. कपचे कागदात बांधले, कुंकवासकट. दादाशी दोन मिनिटं बोलली, हळू. प्रसाद घेतला आणि गेली.

दुपारी १२.४०
आत्ता लक्षात आलं.

कालचं पान. पूर्ण पान. दोन फोटो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
बाबांना आपटा दिला, नमस्कार केला. ते म्हणाले, वही कुठली लिहितोस? म्हणालो, जुनी. त्यांनी लाल पुठ्ठा पाहिला आणि कपाटातल्या कोऱ्या वह्या मोजल्या. सहा.

वल्लरीला शुभेच्छा पाठवल्या. दोन निळ्या टिका. उत्तर नाही. विचार करत असणार. माणूस एवढं वाचल्यावर विचार करतोच.

४ ऑक्टोबर, शनिवार
खरं सांगायचं तर कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

तिने मला बारापैकी सहाच टिकल्या दिल्या होत्या; मी मोजल्या नव्हत्या. उरलेल्या सहा तिच्याकडे. आज सकाळी सहाला येऊन वाल्मीकदादाकडे दिल्या. मी नऊला पोचलो तेव्हा भट्टी सव्वानऊशेच्या पुढे गेलेली. दादा समोर स्टुलावर, हातात छापील कागद, कानाला पेन्सिल. दर अर्ध्या तासाला चष्मा लावून वाचतो, लिहितो, चष्मा काढतो. मध्ये पेपर वाचतो. साडेतीनला भट्टी बंद केली. दार उघडलं नाही. मी पाच वाजता विचारलं, बघूया का एकदा? तो म्हणाला, गुरुजी, जा, लताबाईंनी चहा ठेवलाय.

मी चिडलो नाही. ही नोंद महत्त्वाची.

तिचा मेसेज अजून नाही. कदाचित समोरासमोर बोलायचं असेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी २
मृण्मयीला सहज विचारलं, वल्लरी काही म्हणाली का. ती म्हणाली, कशाबद्दल? म्हणालो, वाचण्याबद्दल. ती म्हणाली, अरे ती दिवसभर वाचतेच आहे, सतराला कमिटी आहे. मृण्मयीला काही कळत नाही.

वजन दोन किलो कमी. भुवई: किंचित खूट.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी
वल्लरी आली होती. पेढ्यांचा बॉक्स. वर्कशॉपमध्ये सरळ वाल्मीकदादासमोर गेली, पहिला पेढा त्याला. कमिटीने पास केलं, बेंगळुरूची जागा नक्की. दादाच्या सहाही टिकल्या क्युबिक, कंडक्टिव्हिटी उत्तम. दादा म्हणाला, बाई, मी काय केलं, दार उघडलं नाय एवढंच. ती म्हणाली, तेच तर.

दुसरा पेढा लताबाईंना. मला चौथा. तिसरा शेठजींचा, ते मान्य.

मी विचारलं, आणि माझे? तुकडे? तिने तपासले होते. एक्स-रे मशीनवर लावले होते. म्हणाली, तुझेही क्युबिकच निघाले. माझ्या छातीत काहीतरी सरकलं. म्हणालो, म्हणजे क्वेंचिंग बरोबर होतं. ती म्हणाली, अरे नाही. मी तेव्हा कँटीनमध्ये सांगितलं होतं ना, यात ॲल्युमिनियम घातलंय. पंगतीत एक ॲल्युमिनियम येऊन बसला की तीन लिथियम उठतात, दोन पाट रिकामे राहतात, मग ती मांडणी गार झाली तरी क्युबिकच राहते. कितीही सावकाश गार कर.

म्हणजे? मी म्हणालो.

म्हणजे काही करायचंच नव्हतं, ती म्हणाली. तू भट्टी बंद करून घरी गेला असतास तरी झालं असतं.

मग म्हणाली, शिवाय तुझ्या तुकड्यांच्या ग्राफमध्ये चुन्याच्या दोन रेषा आल्या, आम्हाला दोन दिवस कळेना चुना आला कुठून. कुंकू निघालं, त्यात हळदीबरोबर चुना असतो. सगळी लॅब हसत होती. ती पण हसली. तेच कँटीनमधलं हसू. मी नीट पाहिलं. तसंच्या तसं होतं. म्हणजे तेव्हाही एवढंच होतं.

पानाबद्दल ती काही बोलली नाही. मीही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७.३०
वल्लरीने अहवालाची पीडीएफ पाठवली. खाली लिहिलं होतं, तुमच्याकडची माहिती बरोबर आहे का बघ.

आभारांत: श्री. वाल्मीक, भट्टी व तापमान नोंदी, सातपूर. मी सर्च करून पाहिलं. ढुंढिराज नावाचा एकही शब्द सापडत नाही. मी बाविसाव्या पानावर आहे: पहिला प्रयत्न अनियंत्रित शीतकरणामुळे वगळला.

पण शेवटी परिशिष्टात माझं पान आहे. तीस सप्टेंबरचं. माझं अक्षर. वेळा आणि आकडे तेवढे दिसतात. उजवीकडचं सगळं तिने पांढऱ्या पट्ट्या टाकून झाकलंय. एकेक ओळ, फार व्यवस्थित. अकरा वाजता, साडेअकराला, दोन वाजता, चार वाजता. भेंडीवरसुद्धा पट्टी आहे.

म्हणजे वाचलं होतं. न वाचता एवढं सरळ झाकता येत नाही.

तीन वाजताच्या ओळीवर पट्टीच्या शेजारी लाल प्रश्नचिन्ह. आणि फोनवर मेसेज: इथे एक रीडिंग राहिलंय. दुपारी तीनचं. असेल तर सांग, आज फायनल कॉपी द्यायची आहे.

एवढंच.

अडीचला १०९९. साडेतीनला ११००. काय असणार ते कोणीही सांगेल. मी ११०० टाइप केलं. बोट बाणावर नेलं.

बाबा पलीकडे बसून त्यांची वही चाळत होते. आज निफाडच्या त्या यजमानांचा चुलतभाऊ येणार आहे. रामचंद्र बाबांनी पातळ ब्लेडने खरवडून काढलाय, जागा पुन्हा कोरी दिसते, फक्त कागद तिथे जरा झिरझिरीत झालाय.

११०० पुसलं. लिहिलं, घेतलं नव्हतं. पाठवलं.

दोन निळ्या टिका. मग अंगठा आला. पिवळा. शाई वगैरे काही नाही.

दहा मिनिटं फोन बघत बसलो. त्यानंतर काही आलं नाही. आई म्हणाली, आज जायचं नाही का? निघतोय. पहिली बॅच आठला लागते, आणि दादाने आजपासून रीडिंग्ज मला लिहायला सांगितली आहेत. छापील कागदावर.